घोट्यातला ळ

शेवटची पायरी झाली असं समजून
मी पाऊल टाकलं
आणि अजून एक पायरी होती.
एवढंच.
हातात दुधाची पिशवी, तीसुद्धा फुटली नाही.

लोक विचारतात तेव्हा सांगायला लाज वाटते.
कुणाचा पाय येऊरच्या उतारावर जातो,
कुणाचा सायकलवरून.
माझा आमच्याच जिन्यात, लिफ्ट बंद म्हणून,
मोजण्यातल्या चुकीने.
सव्वीस वर्षं बँकेत रोकड मोजली आहे मी.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं.
आत एक फिकट, बारीक पाय निघाला,
कुणा दुसऱ्याचाच.
मोजा चढवताना मी त्याच्याशी
अहोजाहो करत होते.

फिजिओ मृण्मयी खांबेटे, वय सत्तावीस,
राम मारुती रोडला पहिल्या मजल्यावर
(सोळा पायऱ्या. मोजल्या.)
म्हणाली, काकू, अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची,
रोज दोनदा, सगळी.
बाकीचे एबीसीडी काढतात.
मी म्हटलं, माझ्या पायाचं शिक्षण मराठीत झालंय.

तर पहिला क काढला,
आणि हात आपोआप पुढे गेला,
हवेतल्या त्या क ला शिवून कपाळाला लागला.
वहीला पाय लागला की आई पाठीत धपाटा घालायची.
आता बावन्नाव्या वर्षी
डॉक्टरच्या चिठ्ठीवर
अख्खी मुळाक्षरं पायाने.
आधी नमस्कार, मग क.

र सोपा, एका झटक्यात.
ट ला थोडं वळण.
क्ष आणि ज्ञ ला दम लागतो, पण होतात.
ळ होत नाही.
दोन वाट्या, डावी नि उजवी;
डावी गोल भरते,
उजवीत पाय शिरला की अर्ध्यावर थांबतो,
तिथेच ती तार सुटली होती.
घोट्यात ळ अडकला की त्याचा घोटाळा होतो,
हे बँकेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग दिसेल तिथे ळ दिसायला लागला.
पळणं, खेळणं, वळणं,
सगळं त्या एका अक्षरापाशी अडलेलं.
कळ मात्र येते. बिनचूक, शेपटासकट.

सकाळी कचराळी तलावावर जाते.
आधी पाच फेऱ्या व्हायच्या,
पुढच्यांच्या पाठीवर "बाजूने, बाजूने" टाकत.
आता एकच, कठड्याच्या कडेकडेने.
कर्णिक, एक्याऐंशी पूर्ण, कानटोपी घातलेले,
मला मागे टाकतात, थांबतात, वळतात,
"हळूहळू," म्हणतात.
एका दमात दोन ळ.
राग येतो. मग उरलेली अर्धी फेरी
त्या रागावरच निघते.

घरी दूध तापेपर्यंत
गॅसपाशी उजव्या पायावर उभी राहते.
पहिल्या दिवशी चार आकडे मोजून झाले.
गेल्या मंगळवारी एकोणचाळीसवर दूध वर आलं,
मुकुंद आतून ओरडला, अगं दूध!
मला ऐकू येत होतं.
एक्केचाळीस, बेचाळीस.
ओटा पुसताना तो काही बोलला नाही,
मी पण चहात साय नाही म्हणून कुरकुरले नाही.

थ्रोबॉलची मुली वाट बघतायत म्हणे.
मुली म्हणजे शोभना, पन्नास; रेखा, सत्तेचाळीस.
माझी जागा रिकामी ठेवलीय, मागच्या ओळीत.
ओळीत.
बघा, तिथेही.

काल मुकुंद म्हणाला,
रात्री चादरीत तुझा पाय चालू होता,
काय लिहीत होतीस?
मला काय माहीत.
जागा होतास तर नीट बघायचंस ना,
उजवी वाटी भरली होती का?